कोरेगावचा स्तंभ : दगडावरची नावे वाचायला शिकूया

दरवर्षी डिसेंबर संपत आला की आपल्या वस्त्यांमध्ये एकच लगबग सुरू होते. कोणी निळा झेंडा धुऊन वाळत घालतो, कोणी टेम्पोची वर्गणी गोळा करतो, आयाबाया पहाटेच्या भाकरी-चटणीची तयारी करतात. १ जानेवारीला भीमेच्या काठी, पेरणे फाट्यावर, लाखोंच्या संख्येने आपला समाज जमतो आणि स्तंभाला मानवंदना देऊन परततो. आम्ही कवठे येमाईचे लोक तर शिरूर तालुक्यातले. नगर रस्ता आमच्या पायाखालचा. पण एक गोष्ट प्रांजळपणे कबूल करतो. वीस-बावीस वर्षे मी त्या स्तंभाला मानवंदना दिली, पण त्या दगडावर काय लिहिले आहे हे कधी नीट वाचले नव्हते. गर्दीत रांग लागते, पुढचा सरकतो, मागचा ढकलतो. फूल वाहायचे, हात जोडायचे, बाजूला व्हायचे. वाचायला सवड असते कोणाला?

हे वाचन घडले ते माझ्या नववीतल्या मुलीमुळे. एके दिवशी ती शाळेतून हिरमुसली होऊन आली. वर्गातल्या एका मुलाने तिला म्हटले होते, "तुमचे लोक इंग्रजांचे चाकर होते, त्याचा कसला आलाय अभिमान?" तिने रागाने उत्तर दिले, "आमच्या पाचशे जणांनी तुमचे अठ्ठावीस हजार कापले!" मग दोघांचे भांडण जुंपले, बाईंनी दोघांनाही उभे केले. घरी येऊन तिने मला विचारले, "पप्पा, माझं बरोबर होतं ना?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि गप्प बसलो. मी बी.कॉम. झालेला कारकून, आयुष्यभर खतावणीतल्या आकड्यांशी गाठ. पावती नसेल तर दहा रुपयांचीही नोंद मी करीत नाही. मग एवढा मोठा आकडा मी कोणत्या पावतीवर मुलीला खरा म्हणून सांगणार होतो? मी तिला म्हटले, "येत्या रविवारी आपण दोघे जाऊ. गर्दी नसताना. तू वही घे."

स्तंभ आहे तरी कसा?

शिरूरहून एस.टी.ने निघाले की रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी मागे पडते आणि कोरेगाव भीमा येते. गाव ओलांडून भीमेचा पूल पार केला की पेरण्याच्या हद्दीत रस्त्यालगत तो स्तंभ दिसतो. म्हणजे लढाई झाली ती कोरेगावात आणि स्तंभ उभा आहे नदीच्या पलीकडे, पुण्याच्या बाजूला. हे आमच्या तालुक्यातल्याही अनेकांच्या ध्यानात येत नाही.

घडीव दगडाचा चौरस ओटा, ओट्यावर चौकोनी बैठक आणि बैठकीवर चारही बाजूंनी निमुळता होत जाणारा, शेंड्याला टोक असलेला दगडी खांब. उंची सुमारे ६० फूट. इंग्रजीत या आकाराला ऑबेलिस्क म्हणतात. हा आकार मूळचा इजिप्तमधला. तिथले राजे देवळांपुढे अखंड दगडाचे असे खांब उभारीत. पुढे रोमन लोकांनी ते आपल्या शहरांत नेले, आणि युरोपात विजयाची किंवा मृतांची आठवण म्हणून असे खांब बांधण्याची चाल पडली. कंपनी सरकारने तीच चाल हिंदुस्थानात आणली. आपला स्तंभ मात्र एकाच दगडाचा नाही. घडीव चिरे एकावर एक रचून तो उभा केला आहे.

पायाचा दगड २६ मार्च १८२१ रोजी बसवला गेला. त्या वेळी गव्हर्नर जनरल होते हेस्टिंग्ज आणि मुंबईचे गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. या दोघांची नावे लेखात आहेत. बैठकीच्या बाजूंवर इंग्रजीत आणि मराठीत लेख कोरलेले आहेत. त्यांचा आशय थोडक्यात असा : कॅप्टन स्टॉन्टन यांच्या तुकडीला १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांच्या फौजेने वेढले, तिने दिवसभर एकामागून एक हल्ले परतवले, आणि ज्या शूर शिपायांमुळे हे झाले त्यांची आठवण राहावी म्हणून त्यांच्या पलटणींची आणि पडलेल्या माणसांची नावे या स्तंभावर कोरण्याचा सरकारने हुकूम केला.

देखभालीची जबाबदारी १८२४ साली याच लढाईत जखमी झालेल्या खंडोजी माळवदकर या जमादाराकडे सनद देऊन सोपवण्यात आली.

मुलगी वाचत होती, मी वहीत उतरवत होतो. मग भूमिका बदलल्या. नावे आली तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही वाचा, मी लिहिते."

त्या दिवशी काय घडले?

नावांकडे जाण्यापूर्वी लढाईची हकिगत सांगतो. ती सुरू होते आपल्या शिरूरपासूनच.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशवे आणि इंग्रज यांची लढाई झाली. १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या हाती गेले. दुसरा बाजीराव फौजेसह बाहेर पडला होता. डिसेंबरच्या शेवटी तो पुन्हा पुण्याच्या रोखाने येत असल्याची बातमी आली. पुण्याचा इंग्रज अंमलदार कर्नल बर याने शिरूरच्या छावणीतून मदत मागवली. ३१ डिसेंबरच्या रात्री आठ-साडेआठच्या सुमारास कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टन शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० शिपाई, पुण्याच्या घोडदळाचे अडीचशे ते तीनशे स्वार, मद्रास तोफखान्याचे दोन डझन गोरे गोलंदाज आणि दोन लहान तोफा होत्या. सगळे मिळून ८३४ माणसे.

रात्रभर चालून, सुमारे ४० किलोमीटर तुडवून, सकाळी दहाच्या सुमारास ही तुकडी कोरेगावच्या उंचवट्यावर पोहोचली. समोर नदीपलीकडे पेशव्यांची अफाट फौज, सुमारे २० हजार स्वार आणि ८ हजार पायदळ. स्टॉन्टनने घाईघाईने कोरेगाव गाठले आणि गावाच्या भिंतींचा आसरा घेतला. पेशव्यांकडून अरब, गोसावी आणि कवायती पायदळाच्या तुकड्या गावात शिरल्या. मग गल्लीगल्लीत, घराघरात लढाई झाली.

आता विचार करा. माणसे रात्रभर चाललेली. आदल्या संध्याकाळपासून पोटात अन्न नाही. नदी डोळ्यांसमोर, पण पाण्यापर्यंत जाता येत नाही. एक तोफ शत्रूने घेतली. तिच्यावरचा अधिकारी चिझम मारला गेला आणि त्याचे शीर कापले गेले. जखमी होऊन पडलेला लेफ्टनंट पॅटिन्सन उठला आणि शिपायांना घेऊन त्याने ती तोफ परत मिळवली. पुढे त्याच जखमांनी तो मेला. काही गोऱ्या गोलंदाजांनी तहानेने व्याकूळ होऊन शरण जाऊ या, असे म्हटले. स्टॉन्टनने त्यांना चिझमचे धड दाखवले आणि सांगितले की शरण गेलात तर हीच गत होईल. लढाई चालू राहिली.

रात्री नऊच्या सुमारास पेशव्यांची फौज मागे हटली, आणि तेव्हा कुठे तुकडीला पाणी मिळाले. जनरल स्मिथची मोठी फौज पाठलागावर असल्याने बाजीराव तिथे थांबला नाही, तो दक्षिणेकडे निघून गेला. दुसऱ्या रात्री स्टॉन्टन आपले जखमी घेऊन निघाला आणि ३ जानेवारीच्या सकाळी परत शिरूरला पोहोचला. अखेर ३ जून १८१८ रोजी बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि त्याची रवानगी उत्तरेत बिठूरला झाली.

आकड्यांचा हिशेब

आता कारकुनाचा धर्म पाळतो आणि हिशेब मांडतो.

पहिली नोंद. पेशव्यांकडे सुमारे २८ हजारांची फौज होती हे खरे. पण ती सगळी गावात उतरली नव्हती. प्रत्यक्ष गावात लढणारे सुमारे दोन हजार होते. बाकीचे नदीपलीकडे आणि आजूबाजूला होते.

दुसरी नोंद. पेशव्यांकडचे पडलेले आणि जखमी पाचशे-सहाशे असावेत, असा त्या काळचा अंदाज. म्हणजे "अठ्ठावीस हजार कापले" हे विधान टिकत नाही.

तिसरी नोंद. कंपनीच्या ८३४ पैकी २७५ माणसे ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली. भागाकार करून पाहा. शंभरातली तेहतीस. म्हणजे दर तीन माणसांमागे एक. एका दिवसात. उपाशीपोटी, तहानलेल्या अवस्थेत. तरीही तुकडी मोडली नाही.

चौथी नोंद. पलटणीतले पाचशेच्या पाचशे शिपाई महार नव्हते. मुंबईच्या पलटणींमध्ये महारांची संख्या मोठी होती, पण त्यांच्या बरोबरीने इतर जातींचे लोकही होते. हे सांगायला वेगळा पुरावा नको. स्तंभावरची नावेच ते सांगतात.

मुलीचा चेहरा जरा उतरला. "म्हणजे मी खोटं बोलले?" तिने विचारले. मी म्हटले, "बाळ, तू खोटं बोलली नाहीस. तू ऐकीव बोललीस. खऱ्या आकड्यात शौर्य कमी पडतं का सांग." तिने वहीतला तो "दर तीन माणसांमागे एक" पुन्हा वाचला आणि मान हलवली.

बंधू-भगिनींनो, हे मी मुद्दाम लिहितो आहे. फुगवलेला आकडा आपण सांगितला की समोरचा तो एका क्षणात खोडतो, आणि मग त्याबरोबर खरी गोष्टही खोटी ठरवून मोकळा होतो. सत्य आपल्या बाजूचे आहे. त्याला फुगवटा कशाला हवा?

नावे

स्तंभावर कंपनीच्या ४९ शिपायांची नावे आहेत. त्यातली २२ नावे 'नाक' या शेवटाने संपतात. अंबनाक काननाक, भागनाक हरनाक, गोपालनाक बाळनाक, अशी ती वाचली जातात. 'नाक' हा शब्द 'नायक' यावरून आला असे मानतात. त्या काळी महारांच्या नावांत तो सर्रास असे, आधी माणसाचे नाव, मग बापाचे. म्हणून ही बावीस माणसे आपली, हे ओळखता येते. ४९ पैकी २२ म्हणजे शंभरात पंचेचाळीस. उरलेल्या नावांवरून अभ्यासकांनी सुमारे १६ मराठा, ८ राजपूत, २ मुसलमान आणि एखादा ज्यू असा हिशेब मांडला आहे.

हे ऐकून मुलगी म्हणाली, "मग पप्पा, त्या मुलाच्या जातीचेही लोक इथे आहेत की!" मी म्हटले, "आहेत. आणि पलीकडच्या फौजेतही नाना जातींचे होते. अरबही होते. तेव्हा पुढच्या वेळी 'तुमचे' आणि 'आमचे' असं बोलण्याआधी हा दगड आठव."

बावीस नावे वहीत उतरवायला आम्हांला बराच वेळ लागला. आमच्याबरोबर माझी थोरली आत्याबाई होती. तिला अक्षर ओळखता येत नाही. ती म्हणाली, "अरे, मला एक तरी नाव हातानं दाखव." मी वाचून दाखवू लागलो. प्रत्येक नावाला ती "जयभीम, बाबा" म्हणत होती. तिचा आजा गावकीची कामे करता करता गेला. त्याचे नाव कुठल्याही कागदावर नाही.

इथेच या स्तंभाचे मोल मला उमगले.

क्रूस, शिळा आणि स्तंभ

पुण्यात खडकीला लष्करी स्मशानभूमी आहे. पुण्याला कामानिमित्त गेलो असताना एकदा तीही पाहून आलो. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी तिथे ओळीने आहेत. पहिल्या महायुद्धाचे स्मारकही तिथेच आहे. हिंदुस्थानात मरण पावलेल्या आणि ज्यांच्या कबरी आता राखता येत नाहीत अशा १,८०० हून अधिक सैनिकांची आठवण त्यात आहे. आणि तिथे एक उंच दगडी क्रूस उभा आहे.

हा क्रूस जगभर एकाच नमुन्याचा असतो. सर रेजिनाल्ड ब्लोमफिल्ड या इंग्रज वास्तुशिल्पकाराने पहिल्या महायुद्धानंतर त्याचा आराखडा केला. अष्टकोनी बैठक, त्यावर क्रूस, आणि क्रूसाच्या दर्शनी बाजूला टोक खाली केलेली काशाची तलवार. उंची जागेच्या मानाने १८ फुटांपासून ३२ फुटांपर्यंत. ज्या स्मशानभूमीत चाळीसहून अधिक कबरी असतील तिथे तो उभारायचा, असा नियम. पण मेलेले सगळेच काही ख्रिस्ती नव्हते. हिंदू, मुसलमान, शीख, ज्यू असेही हजारो होते. म्हणून एडविन लटयेन्स या दुसऱ्या वास्तुशिल्पकाराने कोणत्याही धर्माचे चिन्ह नसलेली एक लांब शिळा आखली. मोठ्या स्मशानभूमींत ती ठेवतात. दिल्लीचे इंडिया गेट याच लटयेन्सने बांधले. त्याचा पाया १९२१ साली घातला गेला आणि १९३१ साली ते खुले झाले. त्याच्या भिंतींवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत.

१९१७ साली स्थापन झालेल्या इंग्रजांच्या युद्ध-कबर आयोगाने एक चांगले तत्त्व ठरवले होते. मेल्यानंतर सेनापती आणि शिपाई यांच्यात भेद करायचा नाही. सर्वांना सारखा दगड, सर्वांचे नाव. तत्त्व छान. पण पाळले गेले का? २०२१ साली त्या आयोगानेच चौकशी करून अहवाल दिला आणि माफी मागितली. पहिल्या महायुद्धात मेलेल्या किमान एक लाख सोळा हजार लोकांची, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांची, नावानिशी नोंद झाली नाही किंवा नोंदच झाली नाही. त्यातले बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले. हिंदी शिपायांपैकीही हजारोंना गोऱ्यांसारखी वागणूक मिळाली नाही. गोऱ्याला कबर आणि नाव, काळ्याला नुसता आकडा.

हा आकडा आपल्याकडेही पाहायला मिळतो. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते. या गावातून महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच तिच्यावर लिहिलेले असते. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान पडले. तिथेही स्मारक आहे. पण बहुतेक गावांच्या पाट्यांवर नाव कोणाचेच नाही. इतके गेले, इतके मेले, संपले.

आता कोरेगावचा स्तंभ पुन्हा डोळ्यांपुढे आणा. तो या सर्वांच्या शंभर वर्षे आधीचा. युरोपातही त्या काळी स्मारकावर बहुधा सेनापतीचे नाव लिहीत, साध्या शिपायाचे नाही. अशा काळात, १८२१ साली, ज्याची सावलीही गावात विटाळ मानली जाई त्या माणसाचे नाव, त्याच्या बापाच्या नावासकट, दगडात कोरले गेले. आणि स्तंभावर ना क्रूस, ना त्रिशूळ, ना चंद्रकोर. म्हणूनच महार, मराठा, राजपूत, मुसलमान, ज्यू ही सगळी नावे एकाच दगडावर शेजारीशेजारी बसू शकली. गावात ज्यांना एका पाणवठ्यावर येता येत नव्हते ते मेल्यावर एका यादीत आले.

"इंग्रजांचे चाकर" या प्रश्नाचे उत्तर

तरी त्या मुलाचा प्रश्न उरतोच. त्याला टाळून चालणार नाही.

कंपनी सरकारने हा स्तंभ आपल्या प्रेमापोटी बांधला नाही. त्याने तो आपल्या विजयाच्या प्रौढीसाठी बांधला. कंपनी परकी होती, व्यापारी होती, आणि तिने हा देश लुटला. हे मान्य करायला आपल्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. शिपाई पगारावर होते. त्या काळी पेशव्यांचे अरबही पगारावरच लढत होते. पण पेशवाईत अस्पृश्यांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात नोंदवून ठेवले आहे. ज्या राज्यात माणसाला रस्त्यावर थुंकण्याचीही मुभा नाही, त्या राज्याशी त्याने इमान राखावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

आणि इंग्रजांनी तरी या इमानाचे काय केले? १८९२-९३ च्या सुमारास त्यांनी महारांची लष्करभरती बंद केली. 'लढाऊ जाती' नावाचे नवे शास्त्र काढले आणि कोरेगावच्या वीरांच्या नातवंडांना तुम्ही लढवय्ये नाही असे सांगितले. स्तंभ उभा होता, नावे कोरलेली होती, तरी दार बंद. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेत भारतमंत्र्यांकडे विनंतीअर्ज पाठवला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभारली, आणि युद्ध संपताच १९२१ साली ती मोडली. गरज सरो, वैद्य मरो.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब या स्तंभापाशी आले. सुभेदार रामजींचा मुलगा, मालोजी शिपायाचा नातू. त्यांनी तिथे सभा घेतली. त्यांचे सांगणे इंग्रजांची आरती ओवाळण्याचे नव्हते. ज्यांच्या रक्तावर तुम्ही राज्य मिळवले त्यांनाच तुम्ही दाराबाहेर काढता, हा त्यांचा सवाल होता. आणि आपल्या लोकांना त्यांनी आपण कोण होतो याची आठवण दिली. तारखा लावून पाहा. १ जानेवारीला कोरेगाव, आणि २० मार्चला महाडचे चवदार तळे. मधे फक्त ७८ दिवस. ज्या नदीकाठी आपल्या माणसांना दिवसभर पाणी मिळाले नव्हते, तिथून निघालेला माणूस अडीच महिन्यांत सर्वांसाठी पाण्याचा हक्क मागायला तळ्यावर उभा राहिला.

पुढे १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्या वेळी बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीचे सभासद होते. रेजिमेंटच्या टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यावर हाच कोरेगावचा स्तंभ होता. स्वराज्यानंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला. ते योग्यच झाले असे मला वाटते. स्वतंत्र देशाच्या सैनिकाच्या कपाळी परक्याच्या विजयाचे चिन्ह कशाला? बिल्ला बदलला, पण रेजिमेंट राहिली, आणि आज ती भारतीय सेनेत मानाने उभी आहे.

म्हणून त्या मुलाला उत्तर असे : आमचे पूर्वज पोटासाठी आणि मानासाठी लढले. त्यांना शस्त्र धरू देणारे दार एकच उघडे होते. ते दारही नंतर बंद झाले. मग आम्ही बाबासाहेबांच्या मागे जाऊन कायद्याचे दार उघडले, आणि ते तुझ्यासाठीही उघडे आहे.

आता आपण काय करायचे?

१ जानेवारी २०१८ रोजी, या लढाईला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, इथे दंगल झाली, एका तरुणाचा जीव गेला, गाड्या जळल्या. आमच्या तालुक्याने ती धग जवळून पाहिली. शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागला. एकत्र चहा पिणारे काही दिवस नजर चुकवून जाऊ लागले. तो काळ पुन्हा येऊ नये असे वाटत असेल तर खरी माहिती हाच उपाय आहे. अर्धवट माहितीवर माथी भडकतात.

म्हणून घरोघरच्या वडीलधाऱ्यांना आणि आयाबायांना तीन गोष्टी सुचवतो.

एक. १ जानेवारीला जरूर जा, पण वर्षातून एकदा साध्या दिवशीही मुलांना घेऊन जा. गर्दी नसते, दगड वाचता येतो. बरोबर वही-पेन्सिल घ्या, पाण्याची बाटली घ्या, म्हाताऱ्यांना सावलीत बसवा.

दोन. मुलांकडून सगळी ४९ नावे उतरवून घ्या, नुसती बावीस नाहीत. ज्या दगडाने भेद केला नाही तिथे आपणही करू नये. मग मुलांना दर तीन माणसांमागे एक हा हिशेब स्वतः करायला लावा.

तीन. घरी आल्यावर दुसरी एक यादी करा. आपल्या आजा-पणजाची, आजी-पणजीची नावे, त्यांचे गाव, त्यांचे काम. जी म्हातारी माणसे हयात आहेत त्यांना विचारून लिहा. उद्या विचारायला कोणी उरणार नाही. आपल्या लोकांची नावे दगडावर कोरायला कोणी सरकार येणार नाही. वहीवर लिहायला मात्र आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

परतीच्या एस.टी.त मुलगी खिडकीशी बसली होती. शिक्रापूर गेल्यावर तिने विचारले, "पप्पा, आत्याबाईंच्या आजोबांचं नाव काय होतं?" आत्याबाई पुढच्या बाकावर पेंगत होती. तिला हलवून उठवले. ती थोडा वेळ आठवत राहिली, मग म्हणाली, "सगळे त्याला राघू म्हणत. पर माझा बाप सांगायचा, कागदावर लिवायचं तर रघनाक लिव."

मुलीने वही उघडली, ४९ नावांखाली एक रेघ मारली आणि रेघेखाली ते नाव लिहिले.

जयभीम.